रोज एक नग : ई-पेपर फलकाच्या नोंदी

३ जानेवारी

खणात एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला चिमुकला संगणक) आणि साडेसात इंची ई-पेपर पॅनल वर्षभर पडून आहेत. घेतले तेव्हा हवामान दाखवणारा फलक करायचा बेत होता. पण हवामान फोनवर दिसतं, आणि खिडकीतून तर दिसतंच. बेत बदलला.

इंटरनेटवरच्या आणि एकूणच संगणकविश्वातल्या विक्षिप्त गोष्टी मी गेली काही वर्षं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जमवतोय. फाइलचं नाव 'नग'. काही माणसं नग असतात, तशाच या गोष्टी. आज मोजल्या, २१४ भरल्या. फलकाने रोज मध्यरात्री यातला एक नग दाखवायचा, मराठीत. बटण नाही, टच नाही, ॲप तर नाहीच.

अटी तीन. बॅटरीवर चालायला हवा. वायर दिसता कामा नये. मराठी नीट उमटायला हवी. तिसरी अट उगाच लिहितोय, ती होईलच.

४ जानेवारी

जोडणी झाली, लायब्ररीतलं (पॅनल चालवणाऱ्या तयार कोडमधलं) नमुन्याचं चित्र पहिल्या झटक्यात उमटलं. ई-पेपरचं मला अजून अप्रूप वाटतं. सूक्ष्म गोळ्यांमध्ये काळे आणि पांढरे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विद्युतदाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो, आणि वीज काढली तरी कण जागचे हलत नाहीत. वीज लागते ती फक्त चित्र बदलताना. बदलताना मात्र पडदा तीन-चार वेळा काळा-पांढरा लखलखतो, अंगात आल्यासारखा. मध्यरात्री बघायला कोण बसलंय?

हिशोब: ८०० बाय ४८० म्हणजे ३,८४,००० ठिपके. ठिपक्याला एक बिट, म्हणजे ४८,००० बाइट. ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट रॅम आहे, म्हणजे जागेची चणचण नाही.

५ जानेवारी

वायरी नीटनेटक्या करताना पॅनलची रीसेटची वायर १२ नंबरच्या पिनवर हलवली आणि बोर्ड चालूच होईना. मेला असं समजून दोन तास शोकात गेले. मग डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उघडली. चिप सुरू होताना ही पिन वाचते आणि आपल्या फ्लॅश मेमरीला ३.३ व्होल्ट द्यायचे की १.८ ते त्यावरून ठरवते. माझी वायर ती पिन वर खेचत होती, त्यामुळे फ्लॅशला १.८ मिळत होते आणि ती उपाशी. वायर १६ नंबरवर नेली, बोर्ड उठून बसला. हे तक्त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बारीक अक्षर वाचायचं नाही ही माझी जुनी खोड.

८ जानेवारी

मराठी 'होईलच' म्हणालो होतो. झाली नाही.

लायब्ररीतले फॉन्ट म्हणजे एकेका अक्षराच्या चित्रांची रांग, तीही फक्त रोमन. एका रूपांतरकातून देवनागरीची १२८ स्थानं बसवली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीला तेवढीच जागा आहे, आणि ते क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हे सगळं सांभाळून 'विचित्र' हा शब्द छापला. उमटलं ते असं: व, त्याच्या उजवीकडे अधांतरी वेलांटी, च, पुन्हा अधांतरी वेलांटी, त, पायमोडक्याची तिरकी रेघ, र. शब्दाने स्वतःचा अर्थ सिद्ध केला.

चूक लायब्ररीची म्हणता येत नाही. युनिकोड अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतो. 'वि' मध्ये आधी व, मग इकार. कागदावर मात्र पहिली वेलांटी व च्या आधी येते. साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांची सांगड घालण्याचं काम तिसऱ्याच कुणाचं असतं, त्याला शेपिंग म्हणतात. फोनवर, संगणकावर ते इतकं बिनबोभाट होतं की असं काही काम आहे हेच विसरायला होतं. इथे ते करणारं कुणीच नाही.

९ जानेवारी

शेपिंग स्वतः लिहायचं ठरवलं. किती अवघड असणार? वेलांटी उचलून डावीकडे ठेवायची, जोडाक्षरांची यादी करायची.

१० जानेवारी

एकटा र पुरून उरला. 'अर्क' मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होतो. 'चक्र' मध्ये पोटात तिरकी रेघ होतो. 'राष्ट्र' मध्ये ट खाली काकपदासारखा बसतो. आणि 'वाऱ्यावर' मधला र या तिघांतला कुठलाच नाही, तो आडवा, पापणीसारखा. त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्तावाला ऱ वापरावा लागतो, साधा र घेतला तर 'वार्यावर' होतं आणि डोळ्यांत खडा जातो. शिवाय रफार कुठे बसणार? 'कार्यकर्ती' मध्ये तो दीर्घ वेलांटीच्याही पलीकडे जातो.

दोन संध्याकाळी, ३४० ओळींचा कोड, आणि 'कर्तृत्व' अजून नीट उमटत नाही. फाइल पुसली नाही, पण 'स्मशान' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली.

११ जानेवारी

फलकाला मराठी शिकवायचीच नाही. फलकाने फक्त ठिपके दाखवायचे. बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप लिनक्सवर कोपऱ्यात चालू असतोच, तो चित्र तयार करेल, फलक उठून ४८,००० बाइट उतरवून घेईल, दाखवेल, झोपेल. हे आधीच सुचायला हवं होतं. पण बोर्डवर सगळं एकट्याने करून दाखवायची खुमखुमी असते.

१३ जानेवारी

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पिलो ही चित्रांची लायब्ररी घेतली, फॉन्ट दिला, 'विचित्र' छापलं. पुन्हा तेच! अधांतरी वेलांट्या, या वेळी धडधाकट संगणकावर.

कारण मजेशीर निघालं. पिलोकडे मांडणीच्या दोन पद्धती आहेत. साधी पद्धत अक्षरामागे अक्षर ठेवत जाते. दुसरी राक्म या लायब्ररीमार्फत हार्फबझकडे काम सोपवते. हार्फबझ म्हणजे शेपिंगचा खरा कारागीर, अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळे त्याच्याच जिवावर देवनागरी दाखवतात. नाव फारसी, अर्थ 'खुलं अक्षर'. माझ्याकडे राक्म होतं, पण राक्मला फ्रिबिडी नावाची आणखी एक लायब्ररी लागते. तिचं काम अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या सांभाळायचं. ती नव्हती, म्हणून पिलोने काही न बोलता साधी पद्धत धरली. म्हणजे अरबीची सोय नव्हती म्हणून मराठी मोडली. राक्म चालू आहे का हे पिलोला एका ओळीत विचारता येतं. आता प्रोग्राम सुरू होताना पहिल्यांदा तेच विचारतो, आणि उत्तर नकारार्थी आलं तर सरळ बंद पडतो. गुपचूप चुकीचं चित्र काढण्यापेक्षा बरं.

एक आनंदाची भर: मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगायची सोय आहे. ती दिल्यावर माझ्या फॉन्टने ल आणि श बदलले. हिंदी छपाईतला उभ्या दांड्याचा ल गेला, आपला दोन पाकळ्यांचा ल आला. त्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं होती, कुणी विचारलंच नव्हतं. मी बराच वेळ नुसता 'लाल शाल' छापत बसलो.

१५ जानेवारी

अक्षरांच्या कडा किडलेल्या दिसत होत्या. पिलो कडा गुळगुळीत करायला करड्या छटा वापरते. एका बिटात बदलताना त्या छटांचे फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीने विखुरलेले ठिपके होतात. १९७६ ची ही युक्ती फोटोसाठी अजून झकास आहे, अक्षरांसाठी नाही. सरळ उंबरठा ठेवला: १२८ च्या वर पांढरं, खाली काळं. मात्रा ठसठशीत झाल्या.

१६ जानेवारी

ओळी तोडणं. पायथनची तयार सोय चिन्हं मोजते, आणि मराठीत 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर मोजायला सहा चिन्हं. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेल्या ओळी आखूड, साध्या शब्दांच्या लांब. आता प्रत्येक शब्द जोडून ओळीची खरी रुंदी ठिपक्यांत मोजतो. हळू आहे, पण दिवसातून एकदाच करायचंय.

१८ जानेवारी

आज कोड नाही, नगांची झाडाझडती. फलकावर गेलं की ते खरं वाटतं, म्हणून जे पडताळता येईना ते काढून टाकलं. सर्वात वाईट वाटलं पतंगाचं. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला, इथवर खरं. पण 'बग' हा शब्द त्यावरून आला हे खोटं. एडिसनच्या १८७८ च्या पत्रात तो यंत्रातल्या दोषासाठी आहेच. शिवाय वहीतली ओळ नीट वाचली की कळतं: 'खराखुरा बग सापडल्याची पहिली घटना'. शब्द आधीपासून रुळलेला होता, म्हणून तर विनोद. नग ठेवला, मजकूर बदलला.

शिल्लक १७१.

१९ जानेवारी

लॅपटॉपवर छोटा वेब सर्व्हर. फलक विचारतो, 'माझ्याकडे अमुक खुणेचं चित्र आहे, नवीन काही?' नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणतो, म्हणजे 'बदल नाही', आणि फलक पडद्याला हात न लावता झोपतो. खूण गाढ झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवली, बाकीची रॅम झोपेत पुसली जाते.

अनोळखी उपकरणाने चित्र मागितलं तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', द्यायला हवा. मी ४१८ दिला: 'मी किटली आहे'. हा माझा आवडता नग. १ एप्रिल १९९८ ला लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी २३२४ लिहिला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज), कॉफीची भांडी इंटरनेटवरून हाताळायचा नियमसंच. किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ म्हणावं. थट्टाच, पण हा आकडा इतक्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला की २०१७ मध्ये तो काढायची सूचना आली तेव्हा लोक खवळले. शेवटी २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये ४१८ राखून ठेवला गेला. कागदोपत्री 'न वापरलेला'. विनोदाला सरकारी कोट्यातून जागा मिळाल्यासारखं.

माझा फोन सध्या घरात एकमेव किटलीग्रस्त आहे.

२२ जानेवारी

फलक मध्यरात्रीऐवजी भलत्याच वेळी उठतोय. एनटीपीकडून (इंटरनेटवरून वेळ देणाऱ्या सेवेकडून) वेळ बरोबर येते, बिघडतेय ती स्थानिक वेळ करताना. या बोर्डवर पॉसिक्स या जुन्या प्रमाण पद्धतीने टाइमझोन लिहावा लागतो आणि त्यात चिन्ह उलटं असतं: ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्यांनी उणे लिहायचं. मी अधिक लिहिलं होतं, त्यामुळे घड्याळ दुपटीने चुकलं. उलटं का? कारण तिथे 'इथल्या वेळेत किती मिळवले की ग्रीनिच येईल' असा विचार आहे. तर्कशुद्ध आहे. तरी चीड आली.

२३ जानेवारी

आता दुसरंच. रात्री ११.५२ ला उठला. झोपेत वेळ मोजणारा आतला दोलक स्वस्तातला आहे, तापमानानुसार पुढे-मागे होतो. उठून विचारतो, दिवस बदललेला नसतो, ३०४ मिळतो, पुढची झोप २४ तासांची. म्हणजे नग कायम एक दिवस शिळा. आता १२ वाजून २० मिनिटांचं लक्ष्य ठेवलंय, आणि आधीच जाग आली तर उरलेला वेळ मोजून पुन्हा डुलकी.

२५ जानेवारी

विजेचा हिशोब. मल्टीमीटर मिलिअँपिअरच्या खाचेत लावला, वाय-फाय सुरू होताच बोर्ड रीसेट. पुन्हा लावला, पुन्हा रीसेट. त्या खाचेत मीटरचाच अडथळा इतका असतो की वाय-फायच्या हिसक्याला व्होल्टेज कोसळतं. १० अँपिअरच्या खाचेत नेल्यावर निवांत चालला. झोपेतला प्रवाह मात्र बारीक खाचेतच मोजला, तिथे हिसका नसतो.

झोपेत ८.४ मिलिअँपिअर. चिप स्वतः मायक्रोअँपिअरमध्ये झोपते, बाकीचं खातात यूएसबीची चिप, रेग्युलेटर आणि लाल दिवा. २००० एमएएचची बॅटरी दहा दिवसांत संपेल. दिवा उपटला, फार फरक नाही.

३० जानेवारी

बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला दुसरा ईएसपी३२ बोर्ड. झोपेत ०.०६ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला दीड एमएएचच्या आत. जागेपणी बारा सेकंद, सरासरी ११० मिलिअँपिअर, म्हणजे आणखी साधारण ०.३७. कागदावर तीन वर्षं. कागदावर.

२ फेब्रुवारी

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला दोन रोध लावून मधला बिंदू २७ नंबरच्या पिनला जोडला. एकट्याने चाचणी घेतली तेव्हा ठीक. वाय-फाय चालू असताना शून्य. ही पिन दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) आहे आणि तो एडीसी वाय-फाय स्वतःसाठी वापरतं. पहिल्या एडीसीवरच्या ३४ नंबरला नेली.

गंमत म्हणजे आलेलं शून्य मी इमानेइतबारे 'बॅटरी ० टक्के' असं छापत होतो, आणि त्याच दिवशी फलकावर नग होता नल आयलंडचा. अक्षांश शून्य, रेखांश शून्य: गिनीच्या आखातात समुद्र आहे, हवामान मोजणारा एक तरंगता तराफा आहे, बाकी काही नाही. पण जगभरच्या डेटाबेसमध्ये जिथे ठिकाण माहीत नसतं तिथे कुणीतरी शून्य भरतं, आणि नकाशावर सगळे तिथेच जमतात. नॅचरल अर्थ या नकाशासंचात तर चुका पकडायला एक चौरस मीटरचं बेटच टाकलंय. मीही माझी बॅटरी तिथे पाठवली होती. आता वाचन मिळालं नाही तर रेघ छापतो.

५ फेब्रुवारी

चौकटीत बसवला. पॅनलची पट्टी-केबल वाकवताना श्वास रोखून धरला होता. भिंतीवर नको, टेबलावर तिरका ठेवलाय.

९ फेब्रुवारी

आजचा नग कबुतरं. १ एप्रिल १९९० चा आरएफसी ११४९: इंटरनेटचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पक्ष्यांमार्फत पाठवायची पद्धत. २८ एप्रिल २००१ ला नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्स मंडळींनी ती खरोखर करून पाहिली. नऊ पॅकेट पाठवले, चार उत्तरं आली, सर्वात वेगवान त्रेपन्न मिनिटांत, सर्वात संथ पावणेदोन तासांच्या वर. आतापर्यंतचा सर्वात लांब मजकूर, पण सहा ओळींत बसला. खूश.

१३ फेब्रुवारी

धाकटी बहीण टेबलाजवळून जाताना म्हणाली, "दादा, कबुतरं अजून पोचली नाहीत का?"

चार दिवस तोच नग. मी रोज समोर बसतो, रोज पाहतो, आणि लक्षात नाही आलं. बॅटरी ठार रिकामी होती. एखादा साधा स्क्रीन काळा पडला असता आणि कळलं असतं. हा मेल्यावरही हसतमुख.

झालं असं: ९ तारखेला सकाळी लॅपटॉप रीस्टार्ट केला, राउटरने त्याला नवा पत्ता दिला. रात्री फलक जुन्या पत्त्यावर गेला, उत्तर नाही, पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मी लिहिलेल्या कोडमध्ये 'जमेपर्यंत विचारत राहा' असं होतं. वाय-फाय चालू ठेवून तो विचारत राहिला. तीन वर्षांची बॅटरी एका दिवसाच्या आत खलास. आज्ञाधारकपणाला तोड नाही.

१४ फेब्रुवारी

तीन दुरुस्त्या. राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवला. फलकाला वीस सेकंदांची मुदत: जमलं तर जमलं, नाहीतर तासाभराने, तीनदा फसलं तर दुसऱ्या दिवशी. आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक तारीख. ही शेवटची सुरुवातीपासून हवी होती, पण 'सौंदर्य बिघडेल' म्हणून मीच नको म्हटलं होतं.

उलट बाजूने पहारा: फलकाने २६ तासांत हाक मारली नाही तर लॅपटॉप फोनवर निरोप पाठवतो.

१५ फेब्रुवारी

निरोप आला. फलक ठणठणीत, मी लॅपटॉपचं घड्याळ तपासताना तारीख पुढे ढकलली होती.

२१ फेब्रुवारी

आजचा नग केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या ट्रोजन रूमबाहेरचा कॉफीचा जार. १९९१ मध्ये त्यावर कॅमेरा रोखला, कारण जिने चढून जावं आणि जार रिकामा निघावा हे संशोधकांना सहन होईना. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं, २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद. करडं चित्र, १२८ बाय १२८ ठिपके. माझ्या फलकावर तसली अठरा बसतील.

त्या चित्रातही तारखेची सोय नव्हती, असं म्हणून मी बहिणीसमोर स्वतःची बाजू मांडली. ती म्हणाली, त्यांच्याकडे निदान जार दिसत होता.

२८ फेब्रुवारी

बॅटरी ४.०९ व्होल्ट, दोन आठवड्यांत ०.०६ ने उतरली. कागदावरचा हिशोब अजून तरी टिकून आहे.

करायचं राहिलंय: 'कर्तृत्व' या शब्दाचा नग शोधायचा, केवळ तो नीट उमटतो म्हणून. १७१ नग संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न जुलैअखेरीस येईल. फाइलमध्ये आज दोन नवीन घातले. एक बहिणीने सुचवलेला आहे, अजून पडताळायचाय.